मोरपंखी आतून वाळतेय? कात्री लावायच्या आधी हे बघा

होळी उलटली की हा प्रश्न हमखास येतो. शब्द बदलतात, मजकूर तोच: 'गेटच्या दोन्ही बाजूंना मोरपंखी लावल्यात. डावीकडची झकास आहे, उजवीकडची आतून तपकिरी पडत चाललीय. माळीकाका म्हणतात, खालून सगळी तासून टाकू, पावसात नवी फुटेल. तासू का?'

नका तासू. पावसात ती फुटणार नाही.

माळीकाकांचा अनुभव खोटा नाही, पण तो दुसऱ्या झाडांवरचा आहे. जास्वंद, कण्हेर, बोगनवेल, डुरांटा, मेंदी ही मंडळी गुडघ्याएवढी ठेवून छाटली तरी पुन्हा पालवतात, कारण त्यांच्या जुन्या लाकडात सालीखाली झोपलेले डोळे असतात. वरचं गेलं की ते जागे होतात. मोरपंखी, जुनिपर, सायप्रस या शंकूधारी झाडांच्या जुन्या, उघड्या फांदीत असे डोळे जवळजवळ उरतच नाहीत. जिथे अजून हिरवं आहे, तिथूनच नवी फूट येते. बाहेरून भरगच्च दिसणारी मोरपंखी दोन्ही हातांनी फाकवून बघा. वरचं वीतभर हिरवं, आणि आत नुसत्या काड्या. कात्री त्या हिरव्याच्या पलीकडे गेली की पडलेलं भगदाड कायमचं.

म्हणून आधी तपकिरी का पडली ते शोधायचं, कारण दूर करायचं, आणि मग काही उरलंच तर छाटायचं.

तपकिरी नेमकी कुठे आहे?

निम्मं निदान इथेच होतं.

फक्त आत, खोडाच्या बाजूला, चारही बाजूंनी सारखी तपकिरी आणि टोकं मात्र तजेलदार हिरवी असतील तर झाडाला काहीही झालेलं नाही. सदाहरित म्हणजे पान कधीच गळत नाही असं नव्हे. आतली जुनी पानं काही वर्षांनी सावलीत पडतात, तपकिरी होतात, झडतात. झाड ती टाकून देतंय, टाकू द्या. हातमोजे घालून फांद्या हलवायच्या, आत अडकलेला वाळका भुगा खाली पाडायचा आणि झाडाखालून झाडून काढायचा. हे काम फेब्रुवारीत आणि पुन्हा पावसाळ्याच्या तोंडाला करावं. दर महिन्याला गोल कात्री मारून घट्ट केलेल्या झाडात हा भुगा आतच साठतो, पावसात ओला राहतो आणि बुरशीला आयतं अंथरूण मिळतं.

एकाच बाजूची तपकिरी असेल तर झाडाकडे कमी आणि त्या बाजूला काय आहे तिकडे जास्त बघा. पश्चिमेची पांढरी कंपाउंड भिंत, काचेचा दर्शनी भाग, चकचकीत फरशी. एप्रिलच्या उन्हात यांच्यावरून परतणारी धग झाडाची ती बाजू भाजून काढते. एसीचं बाहेरचं युनिट तर मी कितीतरी ठिकाणी थेट मोरपंखीच्या तोंडावर बसवलेलं पाहिलंय. रात्रभर गरम वारा, आणि सकाळी मालक खत कुठलं घालू म्हणून विचारतात. जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंतच, रस्त्याच्या बाजूचा तेवढाच तुकडा करपलेला असेल तर गल्लीतला कुत्रा रोज तिथे पाय वर करतोय. त्याला औषध नाही. तेवढ्या भागावर लगेच भरपूर पाणी मारून धुवा आणि छोटी जाळी लावा.

टोकं आधी करपून तपकिरी आत सरकत असेल तर पाणी किंवा खत. बोअरवेलचं जड पाणी असेल तर कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी पूड दिसते. युरियाची मूठ बुंध्याशी टाकली असेल तरी हेच होतं. दोन्हींवर उपाय एकच: साधं गोडं पाणी सावकाश, भरपूर सोडून क्षार खाली धुवून काढा आणि खत काही महिने विसरा. मोरपंखी मुळात खादाड झाड नाहीच. वर्षातून एकदा चांगलं कुजलेलं शेणखत पुरतं.

उरतात ती दोन खरी दुखणी. पहिलं लाल कोळ्याचं, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या टिंबाएवढ्या जिवाचं; दुसरं मुळांचं. दहातल्या बहुतेक तक्रारी शेवटी या दोनांवरच येऊन थांबतात.

लाल कोळी: पांढऱ्या कागदाची परीक्षा

फेब्रुवारी ते मे, हवा कोरडी आणि गरम. हिरवा रंग आधी धुरकट होतो, जणू झाडावर रस्त्याची धूळ बसलीय. पाणी मारलं तरी ती धूळ जात नाही. मग पिवळट ठिपके, मग तांबूस झाक, मग वाळणं. सुरुवात बहुतेक आतून आणि खालून होते, त्यामुळे लोक त्याला नैसर्गिक पानगळ समजून सोडून देतात. इथेच घोळ होतो.

पांढरा कोरा कागद घ्या. धुरकट फांदीच्या खाली धरा आणि फांदीवर दोन-तीनदा टपली मारा. कागदावर धूळ, भुगा पडेल. क्षणभर थांबा. त्यातले काही ठिपके चालू लागले तर ते कोळी. बोटाने कागदावर फासा, तांबूस-हिरवट रेघ उमटते. डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा. फांद्यांच्या बेचक्यात बारीक जाळीही सापडेल.

उपायाची सुरुवात पाण्यापासून. पाईपला फवारा लावून सकाळी झाड आतून, खालून वर असं जोरात धुवायचं, चार-पाच दिवस रोज. कोळ्याला ओलावा सोसत नाही आणि बरेचसे धुवून खाली पडतात. कितीतरी झाडं एवढ्यावरच सावरतात. नाहीच आटोक्यात आलं तर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, ऊन कलल्यावर फवारायचं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा, कारण अंड्यांवर त्याचा फारसा असर होत नाही. भर उन्हाच्या दिवसांत, पारा पस्तिशीपार असताना गंधक मारलं तर तेच पान जाळतं. निंबोळी तेल आणि गंधक यांच्यात किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, दोन्ही पाठोपाठ मारले की पान करपतं.

आणि कृपा करून 'कीड आहे' म्हणून घरात पडलेलं मिळेल ते कीटकनाशक फवारू नका. कोळी हा कीटक नव्हे, आठ पायांचा प्राणी. बऱ्याच कीटकनाशकांनी तो मरत नाही. मरतात ते त्याला खाणारे मित्रकीटक, आणि पंधरा दिवसांत कोळी दुप्पट जोमाने परततो.

मुळांचं दुखणं: गोळा कोरडा, खड्डा ओला

हे जरा सविस्तर सांगतो, कारण नव्या लावलेल्या मोठ्या झाडांचा बळी बहुधा इथेच जातो.

मोरपंखी ही चीन, कोरियाकडची. शास्त्रीय नाव प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस. बीजिंग शहराने जी दोन झाडं 'शहराचं झाड' म्हणून मानली त्यातलं हे एक. तिथली थंडी, तिथला कोरडेपणा ती शतकानुशतके सोसते. तिला सोसत नाही ते साचलेलं पाणी. आणि आपण तिला नेमकं काळ्या चिकण मातीत खड्डा करून लावतो.

नर्सरीतून येताना पाच-सहा फुटी झाडाच्या मुळाशी लाल चिकट मातीचा घट्ट गोळा असतो, वर प्लॅस्टिकची गोणी. ट्रकच्या प्रवासात माती सुटू नये म्हणून तो तसा घट्टच करतात. लावणारा घाईत असेल तर गोणीला दोन चिरा मारून तसंच झाड खड्ड्यात उतरवतो. एका सोसायटीत वाळलेल्या रांगेचं कारण शोधताना एक झाड उपटलं, तर गोणी जशीच्या तशी, आणि मुळं आतल्या आत गोल फिरून वेटोळं झालेली.

गोणी काढलेली असली तरी अडचण उरतेच. भोवतीची काळी माती पाणी पिते, मधला लाल गोळा वरून पाणी परतवतो. तुम्ही रोज संध्याकाळी पाणी घालता, जमीन ओली दिसते आणि मुळं मात्र कोरड्या विटेत बसलेली असतात. तपासायचं कसं? खोडापासून वीतभर अंतरावर एक लांब स्क्रूड्रायव्हर किंवा पातळ सळई खाली दाबा. मग हातभर अंतरावर बाहेर दाबा. बाहेर सहज जाते, आत टणकन अडते आणि टोकाला कोरडी लाल पूड लागते, तर गोळा कोरडा आहे.

मग त्याच सळईने गोळ्यात पाच-सहा ठिकाणी, खोडाला धक्का न लावता, खोल भोकं पाडायची. पाईप धो-धो सोडू नका, ते पाणी बाजूने पळून जातं. ठिबकचा एक ड्रिपर खोडाजवळ ठेवा, किंवा बुडाला बारीक छिद्र पाडलेली दोन लिटरची बाटली उभी रोवा आणि तासन् तास झिरपू द्या. हे आठवड्यातून दोन-तीनदा. वर वाळक्या पाल्याचं आच्छादन, पण खोडापासून चार बोटं लांब.

पावसाळ्यात गणित उलटतं. काळ्या मातीत खणलेला खड्डा म्हणजे बिनगळतीचा हौद. जुलैच्या संततधारेत त्यात पाणी उभं राहतं, मुळं गुदमरतात, कुजतात, आणि झाड तेव्हा काहीच सांगत नाही. शंकूधारी झाड मेल्यावरही काही आठवडे हिरवं दिसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरचं ऊन पडलं की एकाएकी सगळं झाड खाकी होतं आणि लोक म्हणतात, 'परवापर्यंत चांगलं होतं हो.' परवा नव्हे, ते जुलैतच गेलेलं असतं.

संशय आला तर खोडाशी माती बाजूला करा. पहिली मुळं जिथून फुटतात ती जागा जमिनीच्या पातळीत किंवा किंचित वर हवी. लँडस्केपवाल्यांनी शोभेची पांढरी खडी आणि माती खोडावर चार-सहा इंच चढवलेली असते, ती उकरून काढा. बारीक मुळं चोळून बघा. पांढरी, टणक असतील तर ठीक. काळी पडून साल मोज्यासारखी सुटून येत असेल तर कुज आहे. पाण्याला उताराने बाहेर काढणारी चर खणा, पाणी घालणं बंद करा. मेटालॅक्झिल आणि मँकोझेबचं मिश्र बुरशीनाशक लेबलवरच्या प्रमाणात मुळांशी ओतता येतं, नंतर दोन-तीन आठवड्यांनी शेणखतातून ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी. पण चर खणल्याशिवाय नुसतं औषध ओतणं म्हणजे पैसे पाण्यात, तेही शब्दशः.

जिवंत आहे की गेली? नखाची परीक्षा

तपकिरी फांदी कापण्यापूर्वी अंगठ्याच्या नखाने तिची साल हलकेच खरवडा. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर फांदी जिवंत आहे. फिकट तपकिरी, कोरडं लाकूड दिसलं तर गेली. टोकापासून सुरू करून खोडाकडे वीत-वीत सरकत खरवडत जा. हिरवं जिथे लागेल तिथे थांबा.

आता एक विचित्र गोष्ट. फांदी जिवंत आहे, हिरवा थर आहे, पण पान एकही नाही. अशी फांदी ठेवायची का? तिच्या पुढच्या टोकाला हिरवं असेल तर ठेवा, नाहीतर काढा. साल हिरवी असली म्हणून पालवी येईल, ही आशा या झाडाबाबत करू नये.

छाटायचंच असेल तर

महाराष्ट्रातल्या हवेत माझ्या मते दोन वेळा बऱ्या. एक, जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, नवी फूट निघण्याच्या जरा आधी. दुसरी, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात, तीही हलकी. एप्रिल-मेमध्ये वरचं हिरवं काढलं की आतली सावलीत वाढलेली कोवळी पानं उघडी पडून भाजतात. संततधारेत ताज्या कापावर बुरशी बसते. मेलेली फांदी मात्र केव्हाही काढा, तिला मुहूर्त नाही.

हेज शियरने, म्हणजे लांब पात्यांच्या मोठ्या कात्रीने, वरवर भादरण्यापेक्षा सेकेटर, म्हणजे एका हाताने चालवायची छाटणीची कात्री, घ्या. बाहेर आलेली एकेक डहाळी हाताने धरून तिच्या मागे जा. आत दुसरी हिरवी डहाळी जिथे फुटलेली असते त्या बेचक्याच्या जरा पुढे कापा. काप त्या दुसऱ्या डहाळीखाली झाकला जातो, झाड कापल्यासारखं दिसत नाही, आणि उजेड आत शिरतो. हे वेळखाऊ आहे, दोन झाडांना अख्खी सकाळ जाते. पण वर्षातून एकदा पुरतं. हिरव्या थराच्या खोलीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त एका वेळी घेऊ नका. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाती स्पिरिटने पुसा, निदान आजारी झाडानंतर तरी.

कुंपण म्हणून रांग लावली असेल तर तळ रुंद आणि माथा अरुंद ठेवा. आपल्याकडे माळी बरोब्बर उलटं करतात: वरती फुगलेलं, खाली आवळलेलं. वरच्याची सावली खालच्यावर पडते आणि दोन वर्षांत पाय उघडे पडतात. मग ते पाय झाकायला काहीही उपाय उरत नाही. फार तर पुढे मोंडो ग्रास किंवा स्पायडर प्लँटची ओळ लावता येते.

उंचीचंही तसंच. आठ फूट हवं असेल तर साडेसातला शेंडा मारायला सुरुवात करा. बारा फुटांवर गेल्यावर आठवर आणू म्हणाल तर माथ्यावर वाळक्या काड्यांचा मुकुट उरेल.

मधेच एखादी फांदी मरून भगदाड पडलं असेल तर शेजारच्या हिरव्या फांद्या ओढून सुतळीने सैल बांधा. वाढत्या हंगामात त्या जागा भरून काढतात. तार वापरू नका, ती सालीत रुतते. वळवाच्या पावसात बहुखोडी मोरपंखी मधून फाकते, तेव्हाही आतून अशीच सुतळी, आणि वर्षभरात ती सोडायची आठवण ठेवा.

ख्रिसमस ट्री, सुरू आणि इतर

अंगणातला थर-थरांचा 'ख्रिसमस ट्री' म्हणजे अरॉकेरिया. त्याचा नियम वेगळा: शेंडा कधीही मारायचा नाही. एकदा मारला की ती कातीव सममिती गेली. तळाची डहाळी मोटार लावायला आड येते म्हणून कापली तरी तशी डहाळी तिथे पुन्हा येत नाही, म्हणून लावतानाच जागा सोडा. आणि 'झाड वाकडं वाढतंय, टेकू देऊ का' असं विचारणाऱ्यांना दिलासा. जुन्या बंगल्यांतली बरीच अरॉकेरिया ही कुक पाईन असतात, न्यू कॅलेडोनियाची. ही झाडं जगभर विषुववृत्ताकडे झुकतात, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजून दाखवलंय. सरासरी कल साडेआठ अंशांचा. म्हणजे आपल्याकडे ती दक्षिणेकडे कलणारच. मुळं हललेली नसतील, माती भेगाळलेली नसेल, तर तो तिचा स्वभाव आहे.

किनाऱ्यावरचा सुरू दिसायला तसाच, पण तो शंकूधारी नाहीच. त्याच्या 'सुया' म्हणजे सांधे असलेल्या बारीक काड्या. त्यामुळे वरचे नियम त्याला लावू नका. शंकूधारींत पोडोकार्पस मात्र कडक छाटणी बरीच सोसतो. आपल्या उष्ण हवेत कापून आकारात ठेवायचं सदाहरित कुंपण हवं असेल तर मी मोरपंखीऐवजी तोच सुचवीन. आणि मनालीहून पिशवीत आणलेलं देवदाराचं रोप? ते हिमालयात साधारण दीड ते तीन हजार मीटरवरचं झाड. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याचे हाल करू नका.

काढून टाकायची वेळ

मुख्य खोडावर तीन-चार ठिकाणी खरवडूनही हिरवं लागत नसेल तर पुढच्या पावसाची वाट बघण्यात अर्थ नाही. कुंडीतलं किंवा लहान झाड असेल तर प्रश्न नाही. सोसायटीतला मोठा अरॉकेरिया किंवा जुनी, वृक्ष झालेली मोरपंखी असेल तर आधी महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या. नागरी भागासाठीच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाडाला इजा करणंही 'तोडणं' या शब्दात धरलेलं आहे.

त्याच खड्ड्यात पुन्हा मोरपंखी लावू नका, विशेषतः मुळं कुजून गेली असतील तर. दुसरी जागा नसेल तर जुनी माती काढून फेकून, खड्डा रुंद करून, माती जमिनीपेक्षा वीतभर उंच भरून त्या उंचवट्यावर लावा. नर्सरीत सहा फुटी झाडाचा मोह होतो, पण दोन फुटी रोप घ्या. ते मूळ लवकर धरतं आणि तीन-चार वर्षांत मोठ्याला गाठतं. घेण्यापूर्वी फांद्या फाकवून आत बघा, खोडाशी हिरवं कुठवर आहे ते तपासा, आणि पिशवी थोडी फाडून मुळं दाखवायला सांगा. दुकानदार कुरकुरला तर दुसरीकडे जा. लागण पहिल्या एक-दोन पावसांनंतर जूनमध्ये करा, किंवा मग थेट सप्टेंबरअखेर.